मनगटाच्या मापाचा कॅमेरा

"धरा की अक्का, चावत नाही तो," म्हणून सुगंधानं कॅमेरा सरळ माझ्या मांडीवरच ठेवला.

मी दुकानाच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. मांडीवर टरफलं आणि टरफलांवर तो कॅमेरा, काळा, गुबगुबीत, पुढं तोंड वासलेला. तिच्या हातात पेढ्याचा पुडा होता आणि गल्लीत बघणारी चार माणसंही होती. पेढे द्यायला बाई बरोबर वेळ बघून येते.

सुगंधा माझी धाकटी जाऊ. गडहिंग्लजला आमच्या गल्लीत समोरासमोर दोन फोटो स्टुडिओ आहेत. अलीकडचा आमचा, 'शिवलीला'. पलीकडचा तिचा, 'न्यू शिवलीला'. नावसुद्धा स्वतःचं सुचलं नाही, 'न्यू' तेवढं पुढं चिकटवलं. माझे मालक होते तोवर दोघा भावांचं एकच दुकान होतं. ते गेले आणि वर्षाच्या आत दीर रस्ता ओलांडून पलीकडं गेला. ओलांडायला लावणारी कोण, ते मी सांगत नाही.

"श्रीशैलनं काल कोल्हापूरहून आणला," ती म्हणाली. श्रीशैल तिचा मुलगा. "दिसायला फोटोचा, पण व्हिडिओ काढतोय, अक्का. सिनेमासारखा. मागचं सगळं धुकट आणि माणूस तेवढं लख्ख."

"मागचं धुकट? मग मंडपवाल्याचे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे."

बघणारे हसले. सुगंधाही हसली, पण ती हार मानणारी नव्हे.

"काढा बघू माझा एक फोटो. इतकी वर्षं स्टुडिओवाली म्हणून मिरवताय."

मी शेंगांची बोटं लुगड्याला पुसली आणि कॅमेरा उचलला. त्याला बटणं किती! वर चार, मागं सहा, एक गोल फिरणारं. मी एक दाबलं तर काहीच झालं नाही. दुसरं दाबलं तर पडद्यावर आकडे आले. सुगंधा पदर सावरून, मान वाकडी करून उभीच होती. तिनं पुरतं उभं राहून दाखवलं, मग कॅमेरा माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"राहू दे. जड आहे," म्हणाली आणि माझ्या बोटांची माती तिनं त्याच्यावरून पदरानं पुसली.

जड आहे म्हणाली ते सोसलं असतं. तो पुसला ते लागलं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मान फिरवली तर आमच्या दारात माझी सून विनुता उभी. सासूला बटण सापडलं नाही हे तिनं सगळं बघितलं होतं. मला पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, "बसू, आपल्यालाही घ्यायचा. तिच्याहून मोठा."

"मोठा काय आई, म्हशी घ्यायच्यात का?" बसू म्हणाला. "व्हिडिओला कसला लागतो ते विनुताला विचारू. तिला कळतं त्यातलं."

विनुताला कळतं! संकेश्वरची पोर, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. कॉलेज आणि कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. मागच्या खोलीत बसून लग्नाच्या शूटिंगची कापाकापी, जोडाजोडी करायची. एडिटिंग म्हणायची त्याला. ती मागची खोली म्हणजे आमची जुनी डार्करूम. तिथं लाल बल्बाखाली उभं राहून मी बावीस वर्षं फोटो धुतले. औषधानं माझी नखं तपकिरी झाली ती झालीच. धुवायचे, दोरीला चिमटे लावून वाळवायचे, कुणाच्या गालावर डाग आला तर ब्रशाच्या टोकानं भरायचा. फोटो बरा आला की गिऱ्हाईक मालकांना नमस्कार करायचं. मी एकदा म्हटलं होतं, मला एक तरी काढू द्या. मालकांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं आणि म्हणाले, "बाईचा हात हलतो." तेवढ्यावर तो विषय संपला. पुन्हा कधी काढला नाही.

विनुतानं एका कागदावर लिहून काढलं. बसूनं मला वाचून दाखवलं. बाहेरचा माईक जोडायला जागा हवी. मागचा पडदा दारासारखा उघडून फिरणारा हवा, म्हणजे गर्दीत हात वर करूनही खालून दिसतं. अंधुक मांडवात चित्र दाणेदार येऊ नये. आणि वजनाला बेताचा, कारण मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत तो हातातच असतो.

"कुणाच्या हातात?" मी विचारलं.

बसूनं कागदाची घडी घातली. "कधी माझ्या, कधी हिच्या. दोघं असलो तर बरं पडतं, आई."

कोल्हापूरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मी सोन्याच्या पाटल्या घालून, इरकल नेसून गेले होते. माल घ्यायला जाताना दुकानदाराला कळलं पाहिजे, घरातलं मोठं माणूस कोण आहे ते. त्यानं काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक बेताचा. दुसरा दणकट, सुगंधाच्याहूनही दोन बोटं उंच, पुढचं भिंग लोट्याएवढं.

"व्हिडिओच करायचाय ना? मग हा घ्या, काकू." त्यानं बेताच्याकडं बोट केलं. "ह्याला माईक जोडता येतो, पडदा फिरतो. तो मोठा फोटोला एक नंबर आहे, पण त्याला माईकचं भोक नाही. आतला माईक असतो, तो बँडचाच आवाज ओढणार."

"लग्नात बँडच वाजतो. कीर्तन थोडंच असतंय?" मी म्हटलं.

दुकानदारानं बेताचा कॅमेरा विनुताच्या हातात दिला. तिनं तो असा धरला, जसा रोजचाच. पडदा उघडला, माझ्याकडं वळली आणि दोन मिनिटांनी मला दाखवला. पडद्यात एक म्हातारी बोट नाचवत दुकानदाराला झापत होती. ओठ मुरडलेले, भुवया वर. इतकी वर्षं स्टुडिओत काढली, पण हलताबोलताना मी मला कधी बघितलं नव्हतं.

"छान आलंय, आत्ती," विनुता म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणते.

बसू खांद्यावरून वाकून बघत होता. "बघ की, चेहरा किती स्वच्छ! विनुता, घ्यायचा?"

त्यानं विचारलं ते तिला. चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला, दुकानाची पाटी माझ्या नवऱ्याची, आणि पोरगा विचारतोय तिला.

"तो मोठा दे बघू हिच्या हातात," मी दुकानदाराला म्हटलं.

त्यानं दिला. विनुताचं मनगट खाली वाकलं. तिनं दुसरा हात आधाराला लावला. कासार बांगड्या भरताना मनगट दाबून बघतो ना, तसं मी ते वाकलेलं मनगट नजरेनं दाबून बघितलं.

"हाच बांधा," मी म्हटलं.

"आई, त्यानं सांगितलं ना, माईक..."

"समोरचीच्या हातात मोठा आणि आपल्या हातात खेळणं? गिऱ्हाईक आधी कॅमेरा बघतं, मग माणूस. हाच घ्यायचा. आणि धरायचा तू. बाईचा हात हलतो."

विनुतानं कागदाची घडी पर्समध्ये ठेवली. वाटेत गाडीत मी तो खोका मांडीवर घेऊन बसले होते. गल्लीत उतरताना मुद्दाम उघडा धरला. सुगंधा दारात होती. तिनं बघितलं, आणि चेहरा असा झाला की मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

पहिलं काम आलं नेसरीच्या चौगुल्यांकडचं. मुलीकडचे ते. आमच्याकडं चाल अशी की मुलीकडचे आपला शूटिंगवाला आणतात, मुलाकडचे आपला. मांडवात पाय ठेवला तर मुलाकडून कोण? श्रीशैल. आणि पुढच्या ओळीत खुर्चीवर पोपटी साडी नेसून सुगंधा, जणू लग्न तिच्याच घरचं.

"या अक्का! मोठ्ठा कॅमेरा आणलाय म्हणे. उचलायला माणूस लावलाय का?"

"आमचं एकच मूल पुरतं," मी म्हटलं. "तुझ्यासारखं स्टँडला टेकून चालवायची पाळी नाही."

खरंच, श्रीशैलनं आपला कॅमेरा मुलाच्या बाजूला तिपाईवर बसवला होता. त्याच्या डोक्यावर सुरवंटासारखा केसाळ माईक होता. मी त्याला हसले.

हसू फार टिकलं नाही. आमचा जुना व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर असायचा, दिवा फकदिशी पेटायचा, आणि माणसांना कळायचं की शूटिंग चाललंय. मग ती हात हलवायची, नाचायची, एकमेकींना ढकलायची. हा नवा कॅमेरा बसूनं डोळ्याला लावला की सगळ्यांना वाटायचं, फोटो निघतोय. हळद लावणाऱ्या पाच जणी हळदीचा हात गालाशी नेऊन तशाच थिजल्या. नवरदेवाची मावशी त्याला लाडू भरवत होती, ती लाडू तोंडासमोर धरून दात दाखवत उभी.

"हला! हला की! व्हिडिओ आहे!" बसू ओरडायचा.

"निघाला का?" मावशी दात न मिटता विचारायची. नवरदेवाचं तोंड उघडंच.

सुगंधा पदर तोंडाला लावून हसत होती. श्रीशैलनं एक माणूस नुसता ओरडायला ठेवला होता, "बोलत राहा, हलत राहा" म्हणून. तिनं आधीच चार लग्नांत ठेच खाल्लेली. तिनं काही मला सांगितलं नाही. मीही विचारलं नसतंच.

मग अक्षता. नवरीचे आजोबा, तात्या, शाळेतले जुने गुरुजी. ऐंशीच्या पुढचे. नातीच्या लग्नाला त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. घरातली सगळी त्याच गोष्टीसाठी टपलेली. नवरीचा बाप बसूला सकाळपासून तीनदा सांगून गेला होता, "बाकी काही चुकू द्या, तात्यांचं चुकू देऊ नका."

भटजींनी माईक पुढं केला. तात्यांनी तो बाजूला सारला. "आम्ही चार वर्गांना एका आवाजात शिकवलंय. माईक कशाला?"

आणि तेवढ्यात लाईटची वायर कुणाच्या तरी पायात येऊन दिवा गेला. बसूनं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग त्यानं कॅमेरा विनुताच्या हातात दिला आणि वायरीकडं पळाला.

लोकांची भिंत पुढं सरकली. विनुतानं एक खुर्ची ओढली, वर चढली आणि तो दगड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. पडदा काही फिरणारा नव्हता. टाचा उचलून, मान मागं टाकून ती अंदाजानं बघत होती. मी मुलीकडच्या बायकांत उभी होते. तात्या म्हणायला लागले, लोक अक्षता टाकायला लागले. माझेही ओठ हलत होते. कुणाला वाटलं असेल, म्हातारी मंगलाष्टक म्हणतेय.

आठव्या दिवशी चौगुले दुकानात आले. "तात्यांचं तेवढं आधी दाखवा. घरी सगळी मागं लागलीत."

विनुतानं मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर लावलं. चित्र कसं, देवळातल्या समईसारखं शांत. तात्यांचा चेहरा, गळ्याची शीर, नातीच्या डोळ्यांतलं पाणी. आणि आवाज? जनरेटरची घरघर, पोरांचा कालवा, 'सरका हो' म्हणणारी बाई. तात्या नुसते तोंड हलवत होते.

चौगुल्यांनी कान पडद्याशी नेला. "आवाज?"

बसूनं माझ्याकडं बघितलं. विनुता म्हणू शकली असती की कॅमेरा आत्तींनी निवडला. कागद अजून तिच्या पर्समध्ये असेल. ती म्हणाली, "साहेब, आवाज वेगळा घेतलाय. तो जोडायचा राहिलाय. परवा या."

ते गेले. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस? कुठं आहे वेगळा आवाज?"

"समोर आहे, आत्ती," ती म्हणाली. "श्रीशैलभावजींच्या माईकात. मी जाऊन मागते."

"तू नको."

का म्हटलं ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. पंधरा पावलांचा रस्ता. वाटणी झाल्यापासून मी तो ओलांडला नव्हता.

सुगंधानं उठून पाट दिला. मी बसले नाही.

"तात्यांचा आवाज हवाय. आमच्याकडं नाही आला."

वाटलं होतं, गल्ली गोळा करेल. तिनं नुसतं "श्रीशैल, लाव रे," म्हटलं. मग मात्र राहवलं नाही तिला. "बघा तरी अक्का, कसा आलाय ते. आणि तुम्हीही आलाय त्यात. अख्खं मंगलाष्टक संपेपर्यंत तुमचं लक्ष माझ्याकडं. डोळ्यानं खाल्लंसा मला!"

पडद्यावर तात्या. आवाज खणखणीत, शब्दन् शब्द. मागं मुलीकडच्या बायका, त्यांत मी. कडेला विनुताची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी बसलेल्या सुगंधाचा पोपटी पदर.

"बघा, बघा!" सुगंधा हसत म्हणाली. "असं बघत होता की मला ठसकाच लागला."

मी बघितलं. पडद्यात माझी मान वर होती. बसलेल्या बाईकडं बघायला मान वर करावी लागत नाही.

मी बघत होते खुर्चीवर उभ्या असलेल्या विनुताकडं. तिच्या मनगटांकडं. आणि माझे ओठ हलत होते. मंगलाष्टक नव्हतं ते. ते काय होतं ते माझं मला ठाऊक होतं. 'हलू दे. हलू दे. एकदा तरी हलू दे.' तिकडं त्या घरच्यांचा जीव तात्यांच्या शब्दाला टांगलेला, आणि मी अक्षता टाकत माझ्याच घरच्या कामाचं वाटोळं मागत होते.

तात्यांचं पाच कडव्यांचं होतं. पाचवं संपेपर्यंत ती मनगटं हलली नाहीत.

जावेचा हेवा करते म्हणून मला सगळी गल्ली ओळखते. बरं झालं, त्याच्याखाली दुसरं काय ते कुणाला दिसलं नाही. दुकानात तो मोठा कॅमेरा मी तिच्यावर मात करायला घेतला, असं सुगंधाला आजही वाटतं.

"तुझ्याकडं बघण्यासारखं आहे काय गं?" मी म्हटलं. "पोपटी रंग शोभला नाही एवढंच बघत होते."

"हां, आता आल्या आमच्या अक्का!" ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तो मी प्यायले. साखर कमी होती.

ठरल्या दिवशी चौगुले आले, तात्यांनाच घेऊन आले. म्हाताऱ्यानं स्वतःचं मंगलाष्टक डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे कुणी काढलं?"

बसूनं माझ्याकडं बघितलं. जुनी सवय.

"सुनेनं," मी म्हटलं.

तात्यांनी विनुताला नमस्कार केला. मी तो बघितला. गोड लागला असं म्हणणार नाही. पण गिळला.

त्याच आठवड्यात मी खोका उचलून कोल्हापूरला निघाले. दोघांना म्हटलं, चला. दुकानदारानं कॅमेरा परत घेताना जे कापायचं ते कापलं, मी तोंड उघडलं नाही. बसू माझ्या कपाळाला हात लावून बघायचा बाकी राहिला.

"मग कसला दाखवू, काकू? ह्याहून मोठा?"

मी विनुताचं मनगट धरलं आणि काचेवर ठेवलं, कासाराच्या पुढं ठेवतात तसं.

"हिच्या हाताचा दाखवा."

बेताचा तोच कॅमेरा आला. तिनं तो घेतला, पडदा उघडला आणि ह्या वेळी माझ्याकडं फिरवला, मला मी दिसेन असा. चौकटीत मी. मागचं सगळं दुकान धुकट. मी पदर सारखा केला, हात पोटाशी जुळवले, श्वास धरला आणि समोर बघत राहिले.

विनुताचं हसू फुटायला आलं होतं, पण हात जागचा हलला नाही.

"आत्ती, हला की," ती म्हणाली. "व्हिडिओ आहे."